पाचाडच्या दादी

महाडहून रायगडाकडे निघाले की गडाच्या पायथ्याशी पाचाड लागते. आमच्या उर्दू शाळेची सहल तिथे गेली होती. जिजाऊंच्या समाधीसमोर मी नेहमीप्रमाणे राजमाता, स्वराज्य, संस्कार असे सांगत होतो. सातवीतल्या एका मुलीने मध्येच विचारले, "सर, म्हणजे या संभाजीराजांच्या दादी ना?"

मी थबकलो. मी स्वतः दादीच्या हाताखाली वाढलेला. पण जिजाऊंकडे दादी म्हणून कधी पाहिले नव्हते.

१२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते. माहेर सिंदखेडचे जाधवांचे. सासर भोसल्यांचे. या सासरची एक गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. सासरे मालोजीराजे यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ पीरांना नवस केला आणि पुढे झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. म्हणजे जिजाऊंच्या पतीचे आणि दिराचे नाव एका मुसलमान फकिराच्या नावावरून आलेले. ही हकीकत कुणा मुसलमानाने रचलेली नाही. ती 'शिवभारता'त आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून हा ग्रंथ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आमच्या शेजारच्या पोलादपुरात आहे. एसटीने येता-जाता आपण ती ओलांडून जातो.

पण इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६२९ च्या जुलैत दौलताबादला निजामशहाच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची दगाबाजीने हत्या झाली. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन मुलगे आणि एक नातूही मारले गेले. पुढच्या १९ फेब्रुवारीला, १६३० साली, शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले. माहेर उद्ध्वस्त झाले तेव्हा ते आईच्या पोटात होते. हत्या करवणारा सुलतान मुसलमान आणि नवसाला पावलेला पीरही मुसलमान. या घराण्याने दोघांना एका मापाने मोजले नाही. सुलतानांशी लढाया झाल्या, पण पिराची आठवण पुसली गेली नाही. ती महाराजांच्या ग्रंथात मानाने नोंदवली गेली. आज हे दोन्ही एका दमात सांगणारे थोडे उरलेत, म्हणून हे लिहितो.

दुःखांनी त्यांची पाठ सोडली नाही. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत गेला. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात घोड्यावरून पडून वारले. जिजाऊ सती जायला निघाल्या. मुलाने विनवून थांबवले. त्या थांबल्या म्हणून पुढे किती काही सावरले! १६६६ साली महाराज आग्र्यात अडकले, तेव्हा मागे राज्यावर देखरेख ठेवायला त्या होत्या.

आणि दादी? थोरल्या मुलाचेच नाव धारण करणारा नातू संभाजी दोन वर्षांचा असताना, १६५९ मध्ये, त्याची आई सईबाई वारली. आईविना नातवाला या दादीनेच वाढवले. नऊ वर्षांचा तो पोर बापाबरोबर आग्र्याला निघाला, तेव्हा तिच्या जिवाचे काय झाले असेल, ते नातवंडे सांभाळलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

उतारवयात गडावरची हवा सोसेना, म्हणून महाराजांनी पाचाडला वाडा बांधला, असे सांगतात. त्याच्या भिंतींचे अवशेष आणि दगडी तक्क्याची विहीर आजही पाहता येते. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. तो डोळे भरून पाहिला आणि १७ जूनला त्यांनी पाचाडला डोळे मिटले. नातू तेव्हा सतरा वर्षांचा होता.

पुढे घरात वारसाहक्काची कुरबुर वाढली. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीत गेले, वर्षभराने परतले. कारणे पुष्कळ होती; पण मला वाटते, दोन्ही बाजूंनी जिचे ऐकावे असे माणूस तेव्हा घरात उरले नव्हते. माझी दादी गेल्यावर आमच्या घरची चूल वेगळी व्हायला दोन वर्षेही लागली नाहीत. एवढ्या मोठ्या घराचेही तेच व्हावे, याचे नवल वाटत नाही.

त्या मुलीला मी उत्तर दिले, "हो बेटा, संभाजीराजांच्या दादी." तिने डोक्यावरची ओढणी सावरली आणि समाधीसमोर क्षणभर उभी राहिली. तेवढे मला पुरे झाले.