सोमवारांआधीची सहा वर्षं

नॉर्थ कॅरोलायना राज्याचं विधिमंडळ आठवड्याच्या कामकाजाला सोमवारी संध्याकाळी बसतं. आंदोलनासाठी सोमवार निवडण्याचं कारण एवढंच. २९ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी राजधानी रॉलीमधल्या विधिमंडळाच्या इमारतीत काही माणसं शिरली, सभागृहाच्या पितळी दारांसमोर उभी राहिली, गाऊ लागली, प्रार्थना करू लागली. पोलिसांनी निघून जायला सांगितलं, ती हलली नाहीत. सतरा जणांना अटक झाली. पुढच्या सोमवारी आकडा वाढला, त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. जुलैअखेर अधिवेशन आटोपलं तेव्हा अटकांची संख्या नऊशेच्या पुढे गेली होती आणि ‘मोरल मंडे’, म्हणजे नीतीचा सोमवार, हे नाव अमेरिकाभर पोचलं होतं.

बातम्यांनी ही गोष्ट त्या सतरा जणांपासून सांगितली. मला ती २००७ पासून सांगावीशी वाटते. नऊशे माणसं तेरा आठवड्यांत तुरुंगात जायला तयार होत नसतात, त्यांना कुणीतरी आधी एकत्र आणलेलं असावं लागतं.

ते काम एनएएसीपी या १९०९ साली स्थापन झालेल्या जुन्या नागरी हक्क संघटनेच्या राज्यशाखेनं केलं. शाखेचे अध्यक्ष होते विल्यम बार्बर. गोल्ड्सबरो नावाच्या गावातल्या चर्चचे ते धर्मोपदेशक. मणक्याच्या जुन्या आजारामुळे काठीच्या आधारानं चालणारा, पण बोलायला उभा राहिला की सभा हलवून सोडणारा माणूस. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. राज्यात शाळांसाठी, मजुरीसाठी, आरोग्यासाठी, स्थलांतरितांसाठी झगडणाऱ्या इतक्या संघटना आहेत, त्या एकाच विधिमंडळाकडे वेगवेगळ्या दारांनी का जातात?

१० फेब्रुवारी २००७ रोजी काही हजार माणसं विधिमंडळाकडे चालत गेली. त्या महिन्याला आणि त्या शहराला इतिहास होता. याच राज्यातल्या ग्रीन्सबरोत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी दुकानातल्या खानावळीच्या टेबलाशी बसून सत्याग्रह केला तो १९६० चा फेब्रुवारी, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत एला बेकर यांच्या पुढाकारानं विद्यार्थी चळवळीची समिती जन्माला आली ती रॉलीतल्याच शॉ विद्यापीठात. विधिमंडळ जोन्स स्ट्रीटवर आहे म्हणून मोर्चाचं नाव ‘हिस्टॉरिक थाउजंड्स ऑन जोन्स स्ट्रीट’. पुढे तेच आघाडीचं नाव झालं आणि दर फेब्रुवारीत मोर्चा निघू लागला.

या आघाडीचा चौदा कलमी जाहीरनामा मुळातून वाचावा असा आहे. चांगल्या शाळा, जगता येईल इतकी मजुरी, सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क, इराकमधून सैन्य परत, आणि मतदानाला येताना त्याच दिवशी नाव नोंदवण्याची सोय. त्यात एक कलम इतिहासाबद्दल होतं. १८९८ साली विल्मिंग्टन शहरात काळ्या-गोऱ्यांचं निवडून आलेलं सरकार हत्यारबंद जमावानं उलथून टाकलं होतं, आणि विसाव्या शतकात राज्यानं सुमारे ७,६०० माणसांची, त्यांत बहुसंख्य गरीब बायका, नसबंदी करवली होती. या दोन्ही अन्यायांची भरपाई करा, अशी मागणी. मोर्चात बहुतेक संघटना चालू वर्षाच्या मागण्या घेऊन येतात, इथे शंभर वर्षांचा हिशेब मांडलेला होता.

तो हिशेब समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. यादवी युद्धानंतर या राज्यात कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी माणसांना अर्पण केलं त्यांच्या लढ्याचं ते फळ, आणि पुस्तक छापलं जात होतं तेव्हा कॅरोलायनात कृष्णवर्णीय पुरुष प्रत्यक्ष मतदान करत होते. सत्तावीस वर्षांनी, १९०० साली, घटनादुरुस्ती करून साक्षरता परीक्षा आणि मतदान कर लावला गेला आणि ते मत काढून घेतलं गेलं. फुल्यांच्या वाचकाला हे क्वचितच सांगितलं जातं. साक्षरतेचं ते कलम राज्याच्या घटनेत आजही छापलेलं आहे. ते वगळावं म्हणून १९७० साली लोकांचा कौल घेतला तर प्रस्ताव पडला. १९६५ च्या केंद्रीय मताधिकार कायद्यामुळे ते निकामी झालं आहे, इतकंच.

आघाडीला पहिलं यश लवकर मिळालं. २००७ मध्येच विधिमंडळानं मतदानाच्या दिवसाआधीच्या मुदतीत एकाच फेरीत नोंदणी आणि मतदान करू देणारा कायदा केला. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बराक ओबामांनी हे राज्य सुमारे चौदा हजार मतांनी जिंकलं. १९७६ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाला हे राज्य पहिल्यांदा मिळालं होतं. याचं सारं श्रेय एका कायद्याला देणं खोटं ठरेल. पण त्या कायद्यानं कोण मतदानकेंद्रावर पोचलं, हे दोन्ही बाजूंनी नीट पाहून ठेवलं.

२०१० मध्ये विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकन पक्षाकडे गेली, २०१२ मध्ये गव्हर्नरपदही. २०१३ चं अधिवेशन सुरू झालं आणि आघाडीनं मिळवलेलं, मागितलेलं एकेक सुटू लागलं. गरिबांच्या आरोग्यविम्याचा, मेडिकेडचा, विस्तार राज्यानं नाकारला. बेकारभत्ता कापला. फाशीच्या शिक्षेतल्या वंशभेदाला आव्हान देऊ देणारा २००९ चा कायदा रद्द झाला. (त्याच विधिमंडळानं त्याच वर्षी नसबंदीच्या बळींसाठी एक कोटी डॉलर बाजूला काढले, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. नोंद करायलाच हवी.) आणि मतदानासाठी छायाचित्र-ओळखपत्र सक्तीचं करणारं विधेयक आलं.

सोमवार सुरू झाले ते या सगळ्याविरुद्ध. एका सोमवारी शिक्षक पुढे, एका सोमवारी पांढऱ्या कोटातले डॉक्टर, एका सोमवारी धर्मोपदेशक. ग्रीन्सबरोच्या सत्याग्रहावर ग्रंथ लिहिणारे इतिहासकार विल्यम चेफ यांनीही हातात प्लास्टिकच्या बेड्या घालून घेतल्या. अटक होणाऱ्यांना आधी चर्चमध्ये बसवून समजावलं जाई: काय बोलायचं, काय नाही, वकील कोण, रात्री सुटल्यावर घरी कोण सोडणार. सहा वर्षांत जोडलेल्या शंभरावर संघटना इथे उपयोगी पडल्या. कुणाकडे बस होती, कुणाकडे वकील, कुणाकडे स्वयंपाकघर.

अधिवेशन संपल्यावर सभा डोंगराळ भागातल्या, जवळपास गोऱ्याच वस्तीच्या ॲशव्हिलला झाली आणि तिथे हजारोंनी माणसं आली. बार्बर यांना अभिप्रेत असलेली काळ्या-गोऱ्या गरिबांची जुनी एकी, जी १८९८ साली मोडली गेली, ती थोडी तरी त्या मैदानात दिसली.

पण कायदा थांबला नाही. २५ जून २०१३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शेल्बी काउंटी खटल्यात मताधिकार कायद्यातली पूर्वपरवानगीची अट निष्प्रभ केली. तोवर या राज्यातल्या शंभरपैकी चाळीस काउंट्यांना मतदानाचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी लागत असे. निकालानंतर महिनाभरात ओळखपत्राचं ते छोटं विधेयक फुगून सत्तावन्न पानांचं झालं. आगाऊ मतदानाचे सतरा दिवस दहावर आले. त्याच दिवशी नोंदणीची सोय गेली, चुकीच्या केंद्रावर टाकलेलं मत मोजण्याची तरतूद गेली, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची पूर्वनोंदणी गेली. गैरप्रकार रोखणं आणि नियमांत एकसारखेपणा आणणं, हा हेतू कायदा करणाऱ्यांनी सांगितला. १२ ऑगस्टला गव्हर्नरांची सही झाली.

आता लढाई न्यायालयात गेली. तिथे पुढे आल्या रोझानेल ईटन. १९४२ साली, एकवीस वर्षांच्या असताना, नोंदणीसाठी खेचरगाडीतून तालुक्याच्या कचेरीत गेल्या होत्या. गोऱ्या अधिकाऱ्यांनी हात सरळ ठेवून अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रस्तावना पाठ म्हणायला सांगितली. त्यांनी न अडखळता म्हटली. पुढे आयुष्यभर इतरांची नावं यादीत घालत राहिल्या, आणि ब्याण्णव वर्षांच्या असताना सोमवारच्या अटकेलाही गेल्या. नव्या कायद्यानं त्यांना पुन्हा दारात उभं केलं. वाहनपरवान्यावरचं नाव आणि मतदार नोंदणीवरचं नाव जुळेना. ते जुळवायला त्यांनी अकरा हेलपाटे घातले. आपल्याकडे रेशनकार्डावरच्या नावातल्या एका वेलांटीपायी ज्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

खालच्या न्यायालयात हार झाली. २९ जुलै २०१६ ला अपील न्यायालयानं ती फिरवली. कायदा करण्याआधी विधिमंडळानं मतदानाच्या सवयींची वंशनिहाय आकडेवारी मागवली होती, हे निकालात नोंदलं गेलं. २०१२ मध्ये कृष्णवर्णीय मतदारांपैकी ६४ टक्क्यांनी आगाऊ मतदान केलं होतं, गोऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी. कापलेल्या दिवसांबरोबर एक रविवारही गेला होता, आणि चर्चमधून थेट मतदानाला जायची रीत रविवारचीच. कृष्णवर्णीयांवर जवळजवळ शस्त्रक्रियेच्या नेमकेपणानं नेम धरल्याचं न्यायालयानं म्हटलं. त्या नोव्हेंबरात कायद्यावर सही करणारे गव्हर्नर सुमारे दहा हजार मतांनी पडले. ईटन यांचं २०१८ च्या डिसेंबरात, सत्त्याण्णवाव्या वर्षी, निधन झालं.

इथेच थांबलं तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाही. २०१८ मध्ये ओळखपत्राची अट घटनादुरुस्ती म्हणून लोकांपुढे ठेवली गेली आणि ती मंजूर झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरचा कायदा रद्द केला. निवडणुकीनं न्यायमूर्तींचं बहुमत बदललं, आणि चारच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, त्याच न्यायालयानं स्वतःचा निकाल उलटवला. आज ओळखपत्र दाखवावं लागतं. बार्बर २०१७ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले आणि देशभरच्या गरिबांच्या मोहिमेत गेले. त्यांच्यानंतर आघाडीचा आवाज पूर्वीसारखा दुमदुमला नाही, असं मला वाटतं. एका माणसाच्या वाणीवर किती भार पडला होता ते तेव्हा कळलं.

तरी काही मागण्या उशिरा का होईना, घरी आल्या. मेडिकेडचा विस्तार २०१३ च्या सोमवारांत मागितला गेला होता. तो १ डिसेंबर २०२३ ला लागू झाला, तोही रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळातून मंजूर होऊन. मधली दहा वर्षं ज्यांना औषध मिळालं नाही त्यांची भरपाई कुठल्याच कलमात नाही.

आणि मतांसाठीची लढाई तिथेही संपली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एक जागा ७३४ मतांनी जिंकली गेली. हरलेल्या उमेदवारानं साठ हजारांहून अधिक मतदारांची मतं रद्द करण्याची मागणी केली. महिनोन्‌महिने स्वयंसेवक यादीतल्या माणसांना गाठून सांगत होते, तुमचं मत अडकलं आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय न्यायालयानं ती मतं राखली आणि प्रतिस्पर्ध्यानं हार मानली. ती जागा टिकवणाऱ्या न्यायमूर्ती ॲलिसन रिग्ज पूर्वी मताधिकाराचे खटले चालवणाऱ्या वकील होत्या, २०१३ च्या कायद्याविरुद्धही लढलेल्या. ज्यांची मतं रद्द करायला निघाले होते त्या यादीत त्यांच्या आईवडिलांची नावं होती.