अगादीर: वाळू आणि टेकडी

मोरोक्कोतल्या अगादीरचा अटलांटिक किनारा ऐसपैस आहे. मुलं फुटबॉल खेळतात, बायामाणसं निवांत बसतात. मी तिथं फिरलो, तेव्हा नजर वारंवार उत्तरेच्या टेकडीकडे जात होती.

वसई-रेवदंड्याला किल्ले बांधणाऱ्या पोर्तुगिजांचं इथंही ठाणं होतं. सादी सुलतान मोहम्मद अश-शेखने ते १५४१ मध्ये जिंकलं. टेकडीवरचा कसबा, म्हणजे तटबंदीची वस्ती, त्याच काळातली.

२९ फेब्रुवारी १९६०. रमजान नुकताच सुरू झालेला. मध्यरात्रीच्या सुमारास जमीन काही सेकंद हादरली. भूकंप मध्यम तीव्रतेचा होता. पण केंद्र शहरालगत, उथळ, आणि जुनी घरं दगडमातीची. किमान १२,००० माणसं दगावली, म्हणजे शहरातली जवळपास दर तिसरी व्यक्ती. कसब्यातले कित्येक ढिगाऱ्याखालीच राहिले.

बादशहा पाचव्या मोहम्मदांनी शहर पुन्हा वसवायचं ठरवलं. ते थोडं दक्षिणेला, रुंद रस्त्यांचं, भूकंपाचा विचार करून उभं राहिलं. ‘अगादीरमध्ये जुनं काय आहे?’ असं पर्यटक विचारतात. जुनं अगादीर टेकडीच्या मातीत झोपलंय.

तिथं गेलात तर मुलांना वाळूत मनसोक्त खेळू द्या. मग त्यांना टेकडी दाखवा, आणि एक फातिहा पढा.