मल्लखांब : विद्या आणि परंपरा

मल्लविद्येचा इतिहास सांगताना आपण बहुधा जयपराजयांचा हिशेब मांडतो. कोणी कोणास चीत केले, कोणत्या दरबाराने कोणाचा सत्कार केला, एवढेच आपल्या कानी येते. परंतु मल्ल घडतो कसा आणि त्याला घडविणारी विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते कशी, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. मल्लखांबाच्या निमित्ताने आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या विद्येचा एक जुना लेखी पुरावा आपल्या मराठवाड्याच्या दाराशीच सापडतो. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथे राज्य करणारा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आपला हा प्रदेश त्या वेळी चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. या ग्रंथातील 'मल्लविनोद' प्रकरणात मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांची रोजची मेहनत यांचे वर्णन आहे. त्या मेहनतीत भार उचलणे, चालणे व पोहणे यांच्या जोडीला 'स्तंभश्रम' येतो. मल्ल खांबाशी झुंजत असे, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

परंतु ग्रंथात नोंद झाली म्हणजे विद्या टिकली, असे समजू नये. 'मानसोल्लास' बडोद्याहून खंडशः छापून निघू लागला तो १९२५ पासून. तोवर मल्लखांब शतकाहून अधिक काळ आखाड्यांत नांदत होता. त्याला जीवदान मिळाले ते माणसांकडून.

ते श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना देते. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. ते बाळंभटांनी स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीपाशी साधना केली, मारुतीच्या प्रसादाने त्यांना मल्लखांबाची विद्या उमगली आणि त्यांनी कुस्ती जिंकली, अशी ही कथा आहे. १७६३ पर्यंत निजामाची राजधानी आपल्याच शहरात होती, त्यामुळे ही कथा आपल्याला अधिक जवळची वाटावी. तीतील दैवी भाग श्रद्धेचा आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने तिचा गाभा टाकून देऊ नये. धिप्पाड प्रतिस्पर्ध्यासमोर केवळ वजन चालत नाही. चपळाई, पकड आणि दम यांवर भिस्त ठेवावी लागते. झाडाच्या खोडावरून सरसर चढउतार करणारे वानर याचा जिवंत धडाच होय. बलोपासनेचे दैवत मारुतीच असावे, यात आश्चर्य ते काय? ज्यांनी गावोगाव ही उपासना रुजविली ते समर्थ रामदास तर आपल्या जालना जिल्ह्यातील जांबचे.

आता खांबाकडेच पाहू. सागवानाचा किंवा शिसवीचा, जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उंच, वर निमुळता होत गेलेला हा खांब असतो. त्याच्या माथ्यावर बोंड, त्याखाली मान आणि त्याखाली अंग. ही नावेच सांगतात की त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिले गेले. त्याला एरंडेल लावतात. तेल कमी पडले तर कातडी सोलते, अधिक झाले तर पकड सुटते. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी असे एकेक प्रकार शिकताना शरीर खांबाला मिठी घालते आणि योग्य क्षणी ती सोडते.

या विद्येचे तत्त्वज्ञान येथेच आहे. हा प्रतिमल्ल उलट वार करीत नाही, चिडत नाही, कपटही करीत नाही. त्याच्यावर राग धरून उपयोग नाही आणि त्याची खुशामत करूनही नाही. हात निसटला तर दोष आपलाच, हे तो न बोलता सांगतो. म्हणून खांबावर घडलेला मल्ल कुस्तीत उतरतो तेव्हा शत्रूला जिंकण्याआधी स्वतःच्या उतावळेपणाला जिंकलेला असतो.

पुढे ही विद्या शिष्यपरंपरेने पसरली. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखविली. १९८१ मध्ये मल्लखांबाचा स्वतंत्र अखिल भारतीय महासंघ उभा राहिला आणि २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. मुली आज पुरलेल्या खांबावरही उतरतात आणि दोरीवरही. ही भरभराट आनंदाचीच होय. मात्र गुण देणारा परीक्षक आला की डोळ्यांना सुंदर दिसणे हेच साध्य होऊ पाहते, आणि खांब हा मुळात कुस्तीतील जोड होता याचा विसर पडतो.

कोरिया देशाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथील तेक्क्योन ही पायांच्या लयदार हालचालींची जुनी युद्धकला. १९१० ते १९४५ या जपानी अमदानीत ती जवळजवळ लोपली. सोंग द्यॉक-गी यांच्यासारख्या मोजक्या जाणकारांनी ती अंगात जपली आणि वृद्धपणी पुढच्या पिढीला दिली. १९८३ मध्ये तिला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली. २०११ साली युनेस्कोनेही तिची नोंद घेतली. मान्यता शेवटी आली. आधी माणूस होता.

ग्रंथ हा विद्येचा साक्षीदार असतो, पोशिंदा नव्हे. शरीराची विद्या शरीराकडूनच शरीराला मिळते. ज्या शाळेच्या अंगणात एक खांब पुरलेला आहे आणि त्यापाशी रोज सकाळी उभा राहणारा एक गुरुजी आहे, तेथे ही परंपरा सुरक्षित आहे. आपल्या नगरात अशी अंगणे किती ठेवायची, हे आता आपल्या हाती आहे.