तळटीप : ‘भाचीले पोसलं’

आईबाप गेलेले लेकरू मावशीने, आत्याने किंवा आजीने घरी आणायचे, ही गोंडपिपरीकडच्या गावांतली जुनी रीत. कागद कुणी करत नाही. रोवणीला निघालेली बाई आपल्या पोरासोबत तेही लेकरू बांधीवर नेते, शिदोरीतला भात दोघांना सारखा वाढते. निवेदिकेचे ‘पोसलं’ ते हेच. ‘आमच्या तुकड्यांवर पोसलेला’ या टोमण्यामुळे काहींना शब्द खटकेल. तरीही तो बदलला नाही, कारण तिच्या तोंडी त्यात उपकाराचा लवलेश नाही. ‘दत्तक’ तर इथे साफ चूक ठरले असते. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार दत्तक मुलाचे जन्मघराशी असलेले नाते कायद्याने तुटते; या भाचीचे नाव-आडनाव बापाचेच राहिले. शासन अशा सांभाळाला ‘संगोपन’ म्हणते. राज्याच्या बाल संगोपन योजनेत अठरा वर्षांखालील अशा मुलांसाठी दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. मात्र त्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश हवा, आणि समिती जिल्ह्याच्या ठिकाणी, चंद्रपूरला. मृत्यूचे दाखले गोळा करून, ऐन रोवणीत मजुरी बुडवून तिथवर जायचे ते या मावशीनेच.