हाडाची आणि धातूची सोयरीक

अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड हे गाव वैद्यकाच्या जगात प्रसिद्धीस आले, ते डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली तेथे आरंभिलेल्या ग्रामीण आरोग्यकार्यामुळे. कृत्रिम पाय तयार करणारी कार्यशाळा ही त्याच कार्याची एक शाखा होय. जयपूर पद्धतीचा हा पाय बाहेरून चढवावयाचा असतो. रात्री तो काढून भिंतीशी टेकवून ठेवता येतो, सैल झाला तर दुरुस्त करून घेता येतो. मात्र अंगाचा भार पडतो तो उरलेल्या खुंटाच्या कातडीवर, आणि कातडी काही भार वाहण्यासाठी घडलेली नव्हे. भार वाहणारे हाड आत असते. मग धातू थेट त्या हाडाशीच का जोडू नये? या प्रश्नाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. त्याचा आरंभ धातूपासून नव्हे, तर कोळ्याच्या जाळ्यापासून होतो.

रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1911 साली भ्रूणातील जिवंत पेशी काचेखाली वाढविताना त्यांना आधार म्हणून कोळ्याचे तंतू दिले. पेशी त्या तंतूंना धरून लांबट झाल्या व त्यांच्याच दिशेने सरकू लागल्या. आधाराचा आकार पेशीला जाणवतो, ही गोष्ट तेव्हाच उघड झाली होती. पण शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

पुढचा प्रसंग स्वीडनमधला. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा संशोधक 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होता. त्यासाठी त्याने टायटॅनियमची एक लहानशी कुपी हाडात बसविली होती. काम संपल्यावर कुपी काढू गेला, तो ती निघेना! हाड धातूला घट्ट बिलगले होते. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर अतिशय पातळ असा गंज चढतो. लोखंडाच्या गंजाप्रमाणे तो धातूला खात नाही, उलट राखतो, आणि हाडाची गाठ पडते ती या थराशी. 1965 साली ब्रोनेमार्कने एका रुग्णाच्या जबड्यात असे खिळे बसवून त्यांवर दात उभे केले. 1990 साली त्याच्या पुत्राने हीच युक्ती मांडीच्या हाडात योजून त्यास कृत्रिम पाय जोडला.

परंतु सोयरीक जुळली तरी लग्न लांबणीवर पडे. खालच्या जबड्यात सुमारे तीन, वरच्यात सहा महिने खिळ्यावर भार घालावयाचा नाही, असा प्रारंभीचा दंडक होता. मांडीच्या बाबतीतही दोन शस्त्रक्रियांमध्ये सहा महिन्यांचे अंतर ठेवीत. हातावर पोट असणाऱ्यास सहा महिने म्हणजे एक हंगाम बुडाला. तेव्हा धातूची पाठ खरखरीत करण्याकडे संशोधक वळले. गुळगुळीत झालेले जाते दाणा धरीत नाही, म्हणून त्याला टाकी लावतात, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना पुस्तकावाचून ठाऊक होते. येथे टाकीचे काम वाळूचा मारा आणि तीव्र आम्ल यांनी केले. हाड अधिक लवकर धरू लागले. पण हे ओरखडे कसेही पडत, त्यांत रेखीवपणा नव्हता.

दरम्यान हाड घडविणारा कारागीर कोण, याचा शोध मॉस्कोत लागला. अलेक्झांडर फ्रीडेनस्टाईन याने 1960 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, अस्थिमज्जेतील काही मोजक्या पेशींतून हाड तयार होते. याच पुढे मूलपेशी म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांपासून हाड, कूर्चा वा चरबी होऊ शकते. मग एखादीने काय व्हावे, हे ठरविते कोण? औषधीद्रव्ये तर ठरवितातच. पण 2004 साली अमेरिकेत असे आढळले की, पसरण्यास ऐसपैस जागा मिळालेली पेशी हाडाच्या वाटेने जाते आणि आखडून गोल राहिलेली चरबीच्या. 2007 साली ग्लासगोच्या संशोधकांनी प्लास्टिकवर 120 नॅनोमीटर रुंदीचे खळगे पाडले. काटेकोर रांगेतल्या खळग्यांनी विशेष काही साधले नाही. रांग किंचित विस्कटली, तेव्हा मात्र कोणत्याही औषधावाचून मूलपेशी हाडाचे क्षार तयार करू लागल्या. पेशी आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनांनी आधार चाचपते, पकड मिळाली की आतील तंतू ताणते, आणि तो ताण केंद्रकापर्यंत पोहोचतो.

असे सूक्ष्म कोरीवकाम कठीण धातूवर करण्यास टाकीही तितकीच सूक्ष्म हवी. ती लेसरच्या रूपाने मिळाली. पहिला लेसर थिओडोर मेमन याने 1960 साली पेटविला. 1985 साली डॉना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनी अतिशय आखूड पण प्रखर स्पंद मिळविण्याची रीत काढली. तिला 2018 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. अशा काही शेकडा फेमटोसेकंदांच्या स्पंदाने धातूचा कण उडून जातो आणि शेजारचा भाग तापण्यास सवडच मिळत नाही. त्यामुळे टायटॅनियमवर पेशीच्या रुंदीच्या चऱ्या आणि त्यांवर त्याहून बारीक लहरी एकाच हत्याराने उठविता येतात. प्रयोगशाळेत मूलपेशी अशा चऱ्यांच्या दिशेने लांबतात. हॅरिसनच्या तंतूंवर जे घडले तेच येथे घडते. काही नक्षींवर त्या हाडाकडे झुकतात, तर काहींवर नुसत्याच वाढतात.

मात्र काचेच्या बशीतली पेशी निराळी आणि रक्तामांसातली निराळी. शरीरात धातू शिरताच त्यावर प्रथम रक्तातील प्रथिनांचा थर बसतो. पेशी मागाहून येते. खोल चरी धातूला कमजोर करू शकते, आणि जो खळगा पेशीला आवडतो तो जंतूलाही आवडू शकतो. दातांच्या काही खिळ्यांच्या मानेवर लेसरने कोरलेल्या, सुमारे आठ मायक्रोमीटर रुंदीच्या चऱ्या प्रत्यक्ष वापरात आल्या आहेत. त्यांचा एक हेतू हिरडीने मानेशी बिलगून राहावे हाही आहे. मांडीच्या हाडाला साऱ्या देहाचा भार पेलावा लागतो, त्याचे गणित अधिक बिकट आहे. आणि तेथे एकदा बसविलेला धातू सैल झाला, तर जामखेडच्या पायासारखा काढून दुरुस्तीस नेता येत नाही.