हिरडीचा कॅन्सर वाचताना

अमरावती एक्स्प्रेसमध्ये मी अमरावतीला बसलो, मामा अकोल्याला चढला. हिरडीच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला होता आणि आम्ही मुंबईला निघालो होतो. भुसावळ मागं पडलं तरी त्याला झोप नव्हती. "तू त कॉम्प्युटरवाला हायेस ना बाबू. ते जीनची टेस्ट म्हन्तेत, माह्यी होऊ शकते काय, पाय बरं." गाठीतले जनुक वाचून नेमकी गोळी देतात, असं कुणीतरी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. मी मोबाईलवर शोधत बसलो, आणि नंतरही शोधत राहिलो.

टाटा मेमोरियल रुग्णालय परळला १९४१ साली सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. हाताशी सूक्ष्मदर्शक आणि रुग्णांच्या सवयींच्या नोंदी. आपल्याकडे कॅन्सर तोंडातच इतका का होतो, याचं उत्तर ते लोकांच्या चघळण्यात शोधत होते.

मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला. पुढं आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात देशांनी एकेक कॅन्सर वाटून घेतला, तेव्हा भारतानं घेतला तो हिरडी आणि गालाचा. म्हणजे आमचाच, खर्रा खाणाऱ्यांचा! पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक यांनी ५० रुग्णांची गाठ आणि त्यांचंच रक्त शेजारी ठेवून वाचलं. कोडच्या दोन आवृत्त्यांतला फरक आम्ही रोज काढतो, तसंच हे: रक्तात नाही आणि गाठीत आहे, तो बदल कॅन्सरचा. मग आणखी ६० रुग्णांमध्ये पडताळणी. २०१३ साली निष्कर्ष 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आले. टीपी५३, कॅस्प८, नॉच१ हे माहितीतले जनुक होतेच, यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ यांच्यासारखे नवेही सापडले.

अडचण इथंच आहे. यातले बहुतेक जनुक पेशीला आवरणारे. कॅन्सरमध्ये ते निकामी होतात, आणि निकामी झालेलं परत चालू करणारी गोळी नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये उलट घडतं. तिथं ईजीएफआर हा जनुक बिघडून सतत चालू राहतो, आणि चालू असलेलं बंद करता येतं. हे २००४ साली कळलं. टाटाच्या ३५० रुग्णांवरच्या चाचणीत जेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिली, तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला (२०२०). म्हणून फुप्फुसाच्या गाठीची जनुक तपासणी आता नेहमीच्या उपचाराचा भाग आहे.

मामाला हे सगळं सांगायची वेळ आली नाही. डॉक्टर म्हणाले, आधी ऑपरेशन, मग रेडिएशन. जनुक तपासले तरी आज यात बदल होणार नाही, पैसे ठेवा. मामा माझ्याकडं बघत राहिला, जणू मीच नाही म्हटलं होतं.

मग त्यांनी फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, काय खाता, किती वर्षं?

"खर्रा," मामा म्हणाला, आणि बोटांवर वर्षं मोजायला लागला.