निळा पक्षी आणि व्हिलन चिमणी

दरवर्षी २० मार्चला आपण चिमणी दिवस साजरा करतो आणि 'चिमण्या गेल्या कुठे?' म्हणून हळहळतो. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने हा दिवस २०१० साली सुरू झाला. पण हीच आपली चिऊताई अमेरिकेत चक्क व्हिलन आहे!

तिथला हिरो म्हणजे माउंटन ब्ल्यूबर्ड. पश्चिम अमेरिकेतल्या उंच डोंगरांवरच्या कुरणांत राहणारा, जेमतेम ३० ग्रॅमचा पक्षी. नर अगदी आकाशी निळा. गंमत म्हणजे त्याच्या पिसांत निळा रंगच नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश असा विखुरतो की आपल्याला निळं दिसतं. आयडाहोने १९३१ मध्ये त्याला राज्यपक्षी केलं.

याची अडचण एकच. घरटं झाडाच्या ढोलीत हवं, पण ढोली कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली जागा शोधायची, म्हणजे कायमचा भाडेकरू!

१८५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये झाडांवरच्या अळ्या खायला युरोपातून चिमण्या आणल्या. १८९० मध्ये युजीन शीफलिनने सेंट्रल पार्कमध्ये सुमारे ६० स्टार्लिंग सोडले. (शेक्सपिअरमधले सगळे पक्षी आणायचे म्हणून त्याने हे केलं, असं सांगतात, पण त्याला पुरावा नाही.) स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीची चुलत बहीण. दोघांनाही ढोलीच लागते आणि दोघंही भांडखोर. पसरत पसरत ते पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचले. त्यात माणसांनी वाळकी झाडंही तोडली. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनमध्ये टाकलेला कोड, आणि रोलबॅक नाही!

मग पॅच आला तो साध्या लाकडी पेटीचा. भोक सुमारे दीड इंचाचं, म्हणजे ब्ल्यूबर्ड आत जातो, जाडा स्टार्लिंग बाहेर राहतो. १९५९ मध्ये कॅनडातल्या ब्रँडनला जॉन आणि नोरा लेन या जोडप्याने शाळकरी मुलांना घेऊन अशा पेट्या लावायला सुरुवात केली. १९७८ मध्ये लॉरेन्स झेलेनी या निवृत्त शास्त्रज्ञाने नॉर्थ अमेरिकन ब्ल्यूबर्ड सोसायटी काढली.

चिमणी मात्र त्या भोकातूनही आत शिरते. त्यामुळे दर मोसमात कुणीतरी पेट्या उघडून बघाव्याच लागतात. सपोर्टमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लावलेली पेटी विसरली, तर ती चिमण्यांचीच सोय होते.